जोर आधी जिरव, मग मिरव

बाळा, ज्युदोच्या जोडीला जिम लावलीस हे कळलं. सीवूड्स स्टेशनच्या दोन्ही बाजूंना आता जिमची काही कमी नाही, त्यामुळे सबब सांगायला जागाही उरली नाही म्हणा! एक मात्र पक्कं ध्यानात धर. आपण वजनं उचलतो ती मॅटवर चांगलं खेळता यावं म्हणून. जिममुळे मॅटवर उभं राहायचं त्राण उरत नसेल, तर काहीतरी उलटं चाललंय.

१. आल्या आल्या जडाला हात घालू नकोस, आधी दहा मिनिटं अंग तापव : दोरीउड्या, रिकाम्या हाताने बैठका, खांदे-कंबर फिरवणं. ब्रूस लीसारखा माणूस १९७० साली अंग न तापवता खांद्यावर बार घेऊन कमरेतून वाकला, आणि पाठ अशी दुखावली की कित्येक महिने अंथरुणावर काढावे लागले. गार अंगाने उचललं, त्याने वर्ष उधळलं.

२. वजनांना आठवड्याचे दोन दिवस पुरेत — ताकद उचलताना येत नाही, नंतरच्या विश्रांतीत भरते.

३. ज्युदोचा क्लास आणि जिम एकाच दिवशी आले तर आधी क्लास — थकलेल्या पायांनी घोटलेला डाव चुकीचाच अंगवळणी पडतो.

४. दर आठवड्याला थाळी वाढवायची घाई नको — स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना महिने लागतात. जोर आधी जिरव, मग मिरव.

५. जोर-बैठकांना जुनाट म्हणू नकोस. कोल्हापूरच्या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या पैलवान त्यांवरच घडवले — जोरात छाती, खांदे आणि पाठ एकत्र राबतात, बैठकीत मांड्या आणि दम.

६. पण जितके जोर, तितकंच ओढायचंही काम कर, पुल-अप असो की रोइंग — जोर पुढे ढकलायला लावतात, आणि नुसतं ढकलत राहिलं की खांदे पुढे झुकून दुखू लागतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी कुर्ल्याला गाडी बदलून दादरला जा आणि शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात दोरीचा मल्लखांब बघून ये. पोरी दोरीवर कशा चढतात ते पाहिलंस की पकड आणि पाठ म्हणजे काय ते मला सांगावं लागणार नाही.

७. घरी बारवर जुना टॉवेल टाक आणि त्याची दोन्ही टोकं धरून लोंबकळ — समोरच्याच्या बाहीवरची पकड सुटली की पुढचा डावही सुटला.

८. मान विसरू नकोस. तळहात कपाळाला, मग कानाजवळ, मग डोक्यामागे लावून हलकेच दाब आणि मानेने विरोध कर — पाठीवर आपटताना हनुवटी छातीशी धरून ठेवायचं काम तिचंच असतं. डोक्यावर ब्रिज करायची घाई नको, ते सरांच्या नजरेखाली.

९. दम लढतीच्या मापाने कमव. ज्युदोची लढत चार मिनिटांची, कराटेची तीन, फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये तीस सेकंद. म्हणून वीस सेकंद जीव तोडून आणि दहा सेकंद हळू, असे आठ फेरे केलेस की बरोबर चार मिनिटं होतात. जोडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास बोलता येईल इतक्याच वेगाने पळ — दोन लढतींमध्ये धाप लवकर बसते ती याच संथ पळण्यामुळे.

१०. पळायला पाम बीच रोडवर जाऊ नकोस — पहाटे तिथे गाड्या सुसाट असतात. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईचा तलावाकाठचा ट्रॅक बरा. आणि सोसायटीच्या हॉलच्या फरशीवर उड्या नकोत — नडग्या धरतात.

११. ज्यावर खेळायचं, त्यावरच सराव. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव मातीत तयार झाले. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटची सवय नसताना सहावे आले. पुढची चार वर्षं कसून मेहनत केली आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

१२. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घाम नुसता वाहतो, वाळत नाही, मग अंग थंड व्हायचं कसं? किती पाणी गेलं ते कळायला सरावाआधी आणि नंतर वजन कर. किलोभर उतरलं तर पुढच्या काही तासांत सवा ते दीड लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, त्यातलं थोडं मीठ घातलेलं ताक.

१३. खालच्या वजनगटात बसायला पाणी तोडणं, रबरी सूट घालून घाम काढणं, हे माझ्या कानावरही येता कामा नये. अमेरिकेत १९९७ साली महिना-सव्वा महिन्यात कॉलेजचे तीन कुस्तीगीर असं वजन उतरवताना दगावले, आणि मग तिथले नियम बदलले. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपली कुस्तीगीर विनेश फोगाट रात्रभर झटूनही ५० किलो गटात शंभर ग्रॅमने अडली. तिच्यामागे डॉक्टरांचा आणि प्रशिक्षकांचा ताफा होता, आपल्यामागे कोण आहे? तुझं रोजचं वजन ज्या गटात बसतं, त्यातच खेळ.

१४. स्पर्धेच्या आठवड्यात वजनं निम्मी कर, झोप मात्र आठ तास — त्या चार दिवसांत नवी ताकद येत नाही, असलेली तेवढी उधळली जाते.

१५. दोन्ही मांड्या दोन दिवस भरून आल्या तर घाबरू नकोस. पण सांध्यात एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, तर त्याच क्षणी थांब आणि सरांना सांग — आज सांगितलंस तर आठवडा जाईल, लपवलंस तर हंगाम.

सगळं एकदम जमणार नाही आणि जमवूही नकोस. या सोमवारपासून अंग तापवणं आणि दोनच दिवस वजनं एवढंच धर, आणि किती उचललं, कशी झोप झाली ते वहीत लिहीत जा. महिन्याने वही घेऊन घरी ये, मग पुढचं ठरवू.