सुकाणूच्या पोटात पाणी

मांडवीच्या पात्रात नांगरून ठेवलेली एक एकतीस फुटी शिडाची बोट. फायबरची, 1980च्या दशकात इंग्लंडात बांधलेली, तिघांनी पैसे घालून विकत घेतलेली. त्या तिघांतली मुक्ता प्रश्न विचारते आहे. उत्तरं देताहेत तिचे भाऊकाका, मूळचे मालवणचे. उभी हयात नौदलाच्या गोदीत फिटर म्हणून गेली. मे महिन्यात बोट पाण्याबाहेर काढायची आहे.

मुक्ता : काका, आधी एकच सांगा. बोटीच्या तळाची वजनदार कील गळून पडू शकते का?

भाऊकाका : शकते. 2014 साली ‘चीकी रफिकी’ नावाची चाळीस फुटी बोट अटलांटिकमध्ये कील गमावून उलटली. चौघं होते, चौघंही गेले. ब्रिटनच्या अपघात-चौकशी शाखेचं म्हणणं असं, की ती आधी तळाला घासली होती आणि ते घासणं नि त्यानंतरच्या दुरुस्त्या मिळून कीलजवळचा सांगाडा कमकुवत झाला असावा. 1985च्या फास्टनेट शर्यतीत ‘ड्रम’ची कील तुटली, ती माणसं वाचली. झालं समाधान? आता सुकाणूकडे वळू.

मुक्ता : समाधान कसलं! आमच्या बोटीखाली दीड टन बीड आहे, आणि ते नऊ नटांवर लटकतंय.

भाऊकाका : नुसतं लटकत नाही, बोट कलली की आडवं ओढतं. त्यासाठीच ते बसवलेलं असतं. चांगले बोल्ट गरजेपेक्षा कितीतरी जास्त भार झेलतात. प्रश्न बोल्ट चांगला आहे का हा, आणि तो वरून कळत नाही. बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या आतल्या खोलगट जागेत, वाकून पाहशील तर नट चकचकीत. वीतभर खाली, फायबर आणि बीड जिथे भेटतात तिथे तोच बोल्ट कमरेत बारीक झालेला असू शकतो.

मुक्ता : पण आमचे स्टेनलेस आहेत. सर्व्हेच्या कागदावर 316 ग्रेड लिहिलंय.

भाऊकाका : आलं का ते स्टेनलेस! या एका शब्दाने जेवढ्या बोटी फसवल्या असतील तेवढ्या खडकांनी नसतील फसवल्या. अगं, स्टेनलेस टिकतं कशामुळे? त्यातलं क्रोमियम ऑक्सिजन घेऊन वर एक अदृश्य पापुद्रा धरतं. ओरखडा पडला तरी पापुद्रा पुन्हा येतो, पण ऑक्सिजन मिळत राहिला तर. जोडाच्या फटीत खारं पाणी शिरलं की ते तिथेच कोंडतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, पापुद्रा एकदा फाटला की परत जुळत नाही. मग खड्डे पडत आत जातात. साधं गॅल्व्हनाइज्ड लोखंड निदान तांबडा ओघळ सोडून आधी सांगतं तरी. हे गुपचूप जातं.

मुक्ता : मग काढून पाहिल्याशिवाय कळणारच नाही?

भाऊकाका : बरंच कळतं, बघणाऱ्याला. क्रेनने उचललेली बोट पट्ट्यांवर टांगलेली असतानाच जोडाची रेष बघायची, विशेषतः पुढच्या टोकाला. जोड सैल असला तर कीलच्या वजनाने फट तिथे उघडते. एकदा का बोट कीलवर टेकली की सगळा भार वरून येतो आणि फट मिटते. आपले लोक नेमके तेव्हा चहाला जातात. मग त्या मिटलेल्या फटीवर पुटी, पुटीवर रंग. माझ्या एका दोस्ताच्या बोटीला एका यार्डाने हेच केलं, आणि बिलात मात्र कील दुरुस्ती म्हणून भलीमोठी रक्कम! पुढच्या खेपेला त्याच रेषेतून तांबडं पाणी. विचारायला गेलो तर म्हणे, समुद्राचं काम आहे, असं चालायचंच. समुद्राचं काम! पुटी काय समुद्राने भरली?

मुक्ता : काका, फट.

भाऊकाका : हां, फट. केसाएवढी चीर दिसली म्हणून घाबरायचं नाही. बीड आणि फायबर उन्हात सारखं फुगत नाहीत, त्यामुळे रंगाला चीर जाते. पण बोट बाहेर काढून चार दिवस झाले आणि तिथून अजून ओघळ येतोय, तर आत पाणी साठलंय. आतल्या बाजूने बिल्जमधल्या आडव्या पट्ट्या बघायच्या, त्या कीलचा भार तळभर वाटून देतात. त्यांच्या कोपऱ्यात तडे आहेत का, त्या तळापासून सुटल्यात का. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज बदलून बद्द झाला की तिथे खडूने खूण. बोट आधी कधी रुतली होती का?

मुक्ता : जुना मालक म्हणाला, अग्वादजवळच्या वाळूच्या दांड्यावर एकदा जोरात बसली होती.

भाऊकाका : मग मागच्या टोकापाशी जास्त बघ. बोटीचा वेग आणि वजन पुढे जातं, कीलचं खालचं टोक अडकतं. त्यामुळे कीलची मागची कड वर घुसते आणि पुढची खाली ओढली जाते. वाळू आहे म्हणून बरं. खडक असता तर तू ही बोट घेऊच नको म्हणालो असतो.

मुक्ता : नट एकदा आवळून घेतले तर?

भाऊकाका : सगळ्यांचा लाडका उपाय. लांब पाइप लावून दोघांनी लोंबकळायचं! टॉर्क पाना घे, बोल्टच्या जाडीप्रमाणे जेवढं लिहिलंय तेवढंच आवळ. नट फिरतोय पण जोर वाढत नाही असं झालं तर हात तिथेच थांबव, कारण आटे गेलेत किंवा बोल्ट ताणला जातोय. आणि दोन तरी बोल्ट बाहेर काढ, एक पुढचा, एक मागचा. ते स्वच्छ निघाले तर बाकीच्यांवर भरवसा ठेवायला आधार मिळतो. एकाची जरी कंबर गेलेली असली तर कील खाली उतरवायची, सगळे बदलायचे, जोड साफ करून नव्याने बसवायचा. कीलच्या जोडात सिलिकॉन भरणाऱ्याला मात्र यार्डाच्या फाटकातून आत घेऊ नकोस.

मुक्ता : कील उतरवायची वेळ आली तर पावसाळाभर करता येईल ना? बोट तर तशीही चार महिने बाहेरच असणार.

भाऊकाका : इथेच कोकण-गोव्यात सगळे चुकतात. पुस्तकं लिहिणारे थंड मुलखातले. त्यांच्याकडे बोट हिवाळ्यात बाहेर काढतात, शेडमध्ये वाळवतात. आपल्याकडे बोट बाहेर येते ती जूनमध्ये, म्हणजे हवा सगळ्यात ओली असते तेव्हा. बीड घासून लख्ख केलंस की तासाभरात त्यावर तांबूस छटा येते, आणि त्यावर लावलेला प्रायमर गंजावर बसतो, बीडावर नाही. इपॉक्सीवर दमट हवेत मेणचट थर येतो, तो धुतला नाही तर पुढचा हात धरत नाही. ओलं फायबर तर जुलैत वाळणारच नाही. म्हणून चिकटवायचं काम मेमध्ये, नाहीतर पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात. पावसाळ्यात फक्त उघडायचं, घासायचं, मोजायचं, सुटे भाग मागवायचे. आणि उघड्या बीडावर तांब्याचा अँटीफाउलिंग रंग थेट लावायचा नाही. मध्ये इपॉक्सीचे जाड हात हवेतच, नाहीतर खाऱ्या पाण्यात तांबं बीडालाच खातं.

मुक्ता : लिहून घेतलं. पण एखादा बोल्ट आतून गेलेला असूनही तो काढलेल्या दोघांत नसला तर?

भाऊकाका : तुझं घोडं तिथेच. एक्स-रे काढता येतो, अल्ट्रासाउंडने तपासता येतं, पैसे असतील तर कर. मी त्यापेक्षा सुकाणूकडे बघेन. 1979च्या त्या भयंकर फास्टनेटमध्ये पंधरा खलाशी गेले. त्या वादळात कित्येक बोटींची सुकाणू मोडली, तेव्हा नव्याने आलेल्या कार्बन फायबरच्या दांड्यांनी दगा दिला. आणि लांब कशाला, आपल्या नौदलाच्या सहा मुली ‘तारिणी’ घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला गेल्या. बोट इथलीच, दिवाडीला बांधलेली. 2018च्या एप्रिलमध्ये, घर जवळ आलेलं असताना त्यांना मॉरिशसला थांबावं लागलं. कशासाठी? सुकाणूच्या यंत्रणेतल्या बिघाडासाठी.

मुक्ता : आमचं सुकाणू तर छान दिसतं.

भाऊकाका : करंजी बाहेरून छानच दिसते. फायबरचे दोन अर्धे कडेने चिकटवलेले, आत फोमचं सारण, आणि त्यात स्टेनलेसचा दांडा शिरलेला. दांड्याला आतून पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, त्याच सुकाणूला वळवतात. वरच्या बाजूने दांडा जिथे आत शिरतो तिथे पाणी झिरपतं, फोम भिजतो, आणि वेल्ड त्या कोंडलेल्या पाण्यात बसतं. पुन्हा तेच स्टेनलेस, तीच कथा. एक दिवस चाक फिरतं, दांडा फिरतो, आणि सुकाणू जागेवर.

मुक्ता : बापरे. तपासायचं कसं?

भाऊकाका : एकाने चाक घट्ट धरायचं, दुसऱ्याने खाली उभं राहून सुकाणूची मागची कड दोन्ही हातांनी ढकलायची. दांडा स्थिर आणि सुकाणू हललं, तर पट्ट्या गेल्या. मग खालच्या टोकाला बारीक ड्रिलने भोक पाड. थेंब थेंब साधं पाणी आलं तर वाळवून बुजवता येईल. तांबडं, वास मारणारं आलं तर एक बाजू कापून उघडायची. खालचं टोक बाजूबाजूला हलवून दांड्याभोवतीच्या बुशचा खेळही बघ. थोडा चालतो, खडखडाट नाही. नायलॉनचे बुश पाण्यात फुगून दांडा आवळतात, तेव्हा चाक जड लागतं आणि लोक ग्रीस ओतत बसतात.

आमच्या मालवणच्या गलबतांचं सुकाणू बाहेर टांगलेलं असायचं. चार माणसांनी उचललं, अंगणात आणलं, उलटंपालटं केलं, सुतार बोलावला. लपवायला जागाच नाही. गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी 2023मध्ये दुसरे आले ना, तिथे नियमच आहे: आराखडा 1988च्या आधीचा, लांब कील, आणि सुकाणू त्या कीलच्या मागच्या कडेलाच. जगाला उशिरा...

मुक्ता : आमचं आत आहे, काका. चाकाच्या तारांचं सांगा.

भाऊकाका : ते सोपं. चाकाच्या खांबात साखळी, तिला स्टेनलेसच्या तारा, कप्प्यांवरून मागे सुकाणूच्या दांड्यावरच्या क्वाड्रंटला. तारेवरून जुनं सुती फडकं फिरव. अडकलं की एखादा तंतू तुटलाय. मग तार बदलायची, वाट नाही बघायची. कप्पीचा बोल्ट, पिना, तेल. क्वाड्रंटचे अडसर मजबूत आहेत का ते बघ. बोट मागे घेताना सुकाणू फटकन वळतं आणि सगळा दणका अडसरांवर येतो. तारा तुटल्या तर सुकाणू वळवायचा दांडा, इमर्जन्सी टिलर, आहे ना?

मुक्ता : आहे, कपाटात.

भाऊकाका : बसवून पाहिलास?

मुक्ता : ... नाही.

भाऊकाका : बसव. कित्येक बोटींत तो चाकाच्या खांबाला आपटतो आणि पाच अंशसुद्धा वळत नाही. आपटला तर लोहाराकडून वाकवून घे. आणि क्रेनवाल्याला आजच सांग, बोट उंचावर ठेवायची. सुकाणू दांड्यासकट खाली उतरवायचं असतं, तेवढी जागा मिळाली नाही तर खाली खड्डा खणावा लागतो.

मुक्ता : केवढा खोल?

भाऊकाका : आतला दांडा मोजून घे, त्यातून सुकाणूखालची मोकळी जागा वजा कर. आणि खणायचाच असला तर मेमध्ये खण. जूनमध्ये तिथे फूटभरावर पाणी लागतं.