टेंपरेचरचा काटा खोटा की इंजिन खरंच गरम? जुन्या गाडीचं काम हातात घेण्याआधी



व्हिडिओमध्ये टेंपरेचर मीटरची टेस्ट करून दाखवली, पण आकडे भराभर निघून गेले. ते इथे लिहून देतो. गॅरेज किंवा ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकायच्या तयारीत असाल, तर हे काम नीट समजून घ्या. दिसायला किरकोळ, पण हिशोब चुकला की दोन दिवस जातात आणि पदरात काही पडत नाही.

जुनी अँबेसिडर, पद्मिनी, कधी एखादी हौसेने जपलेली एमजी दुकानासमोर उभी राहते. तक्रार ठरलेली: "काटा लालला जातो" नाहीतर "काटा वर येतच नाही". नवीन माणूस लगेच सेन्सर बदलतो. फरक पडत नाही, म्हणून मीटर बदलतो. मग डॅशबोर्ड खोलून वायरिंग धरतो. समजा सेन्सर ५०० चा, मीटर १५०० चं आणि वर दोन दिवसांची मजुरी. एवढं करून काटा होता तिथेच राहिला, तर बिल कोणत्या तोंडाने मागणार? सामान परत घ्यायला स्पेअर पार्टवाला तयार नसतो. म्हणून पहिला पाना हातात घ्यायच्या आधी एकच प्रश्न सोडवायचा: इंजिनचं खरं टेंपरेचर किती आहे?

त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. महागडी वस्तू नाही, पहिल्या महिन्यातच घेऊन ठेवा. गाडी गरम होऊ द्या आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर नेम धरून रीडिंग घ्या. एक गोष्ट लक्षात ठेवा, चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र बरंच कमी आकडा दाखवतं. म्हणून त्या जागी थंड असतानाच मास्किंग टेपचा तुकडा किंवा मॅट काळ्या रंगाचा ठिपका लावून घ्या. थर्मोस्टॅटवर किती अंशाला उघडतो तो आकडा कोरलेला असतो. ८२ अंशाचा खूप ठिकाणी सापडतो, ७४ आणि ८८ चेही असतात. चांगल्या स्थितीतलं इंजिन त्याच्या आसपास किंवा थोडं वर स्थिरावतं.

रेडिएटरच्या झाकणाचाही विचार करा. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशाला उकळतं, पण ७ पीएसआयचं झाकण धड असेल तर साधारण ११० अंशापर्यंत उकळत नाही. म्हणजे ९५ दिसलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. झाकणाचा रबर गेलेला असेल तर मात्र हा हिशोब कोसळतो. आणि गरम इंजिनवर झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असो. दुकानात पोरं कामाला असतील तर हे त्यांना पहिल्या दिवशी सांगा.

आता समजा थर्मामीटर ११० दाखवतोय आणि काटाही लालला आहे. मग मीटर बिचारं खरं बोलतंय. काम वेगळं झालं: पाणी कमी, रेडिएटर चोक, फॅन बेल्ट ढिला, वॉटर पंप, नाहीतर हेड गॅस्केट. गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा आणि नवीन अंदाजपत्रक द्या. उलट प्रकारही खूप दिसतो. काटा वर येत नाही, आणि थर्मामीटरही ६० च दाखवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकलेला असतो. इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि दोष मीटरवर येतो. दुसरं म्हणजे पाणी इतकं कमी असतं की सेन्सरचं टोक हवेत किंवा वाफेत राहतं. तेव्हा इंजिन तापलेलं असूनही काटा खाली बसतो. हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण मालक निर्धास्त असतो.

दोन आकडे जुळले नाहीत तरच मीटरकडे वळायचं. मग गाडीत कोणत्या जातीचं मीटर आहे ते बघा. मॉडेलच्या नावावरून ठरवू नका, चाळीस-पन्नास वर्षांत कुणी काय बसवलं असेल सांगता येत नाही. मीटरच्या मागून बारीक तांब्याची नळी थेट इंजिनपर्यंत जात असेल, तर ते वायरवर चालतच नाही. नळीत ईथरसारखं द्रव बंद केलेलं असतं, त्याच्या दाबावर काटा फिरतो. नळी तुटली की ते उडून गेलं, तिथे डाग मारून उपयोग नाही. ईथर पेट घेतं, त्यामुळे टॉर्च जवळही नेऊ नका. हे काम त्यातल्या माहीतगार माणसाकडेच पाठवा आणि आपलं कमिशन उघडपणे लावा.

वायरचं मीटर असेल तर चावी फिरवून काटा बघा. सावकाश सरकत वर येणारा काटा म्हणजे आत द्विधातूची पट्टी तापते. झटक्यात उडणारा म्हणजे चुंबकीय कॉइल. सावकाश चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीच्या मीटरला बहुधा एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर जोडलेला असतो. तो बॅटरीचे १२-१४ व्होल्ट सरासरी १० वर आणतो, आणि पेट्रोलचं मीटरही त्याच्यावरच चालतं. इथेच फुकटात निदान होतं: पेट्रोलचा काटासुद्धा जास्त दाखवतोय का? दोन्ही काटे एकदम जास्त दाखवत असतील तर सेन्सरला हात लावू नका. स्टॅबिलायझर गेला आहे किंवा त्याच्या बॉडीला अर्थ मिळत नाही. गंज घासून स्क्रू आवळला की काम होतं अशा गाड्या असतात. जुना स्टॅबिलायझर चालू-बंद होत काम करतो, त्यामुळे मल्टिमीटरवर आकडा नाचला तर तो खराब ठरवू नका.

फक्त टेंपरेचरचाच काटा चुकत असेल तर सेन्सरची वायर काढा, काटा थंडवर जायला हवा. वायर क्षणभर इंजिनला टेकवा, काटा गरमकडे निघायला हवा. निघाला की लगेच वायर बाजूला घ्या, तशीच धरून ठेवली तर मीटर जळेल. एवढं झालं की वायर आणि मीटर जिवंत आहेत हे कळतं. बरोबर दाखवतात की नाही, ते कळत नाही. बरेच जण इथेच फसतात.

मग सेन्सर काढून गरम पाण्यात टाका, सोबत साधा थर्मामीटर. मल्टिमीटरची एक पिन बॉडीला, दुसरी टर्मिनलला. पाणी तापेल तसा ओहमचा आकडा सलग उतरला पाहिजे. मध्येच अडकला किंवा उडी मारली तर सेन्सर बाद. पुण्यात पाणी ९८ अंशालाच उकळतं, त्यामुळे उकळी म्हणजे १०० धरू नका. सलग उतरतो पण काटा तरी चुकतो, तर बहुतेक वेळा सेन्सर त्या मीटरच्या जोडीचा नसतो. आटे जुळले की दुकानदार देऊन टाकतो, आतला रेझिस्टन्स मात्र वेगळा असतो. बसवताना आट्यांवर टेपचे वेढे देऊ नका, सेन्सरला अर्थ आट्यांतूनच मिळतो.

एक शॉर्टकट तुम्हाला कुणीतरी शिकवेलच: वायरमध्ये एक रेझिस्टन्स टाकायचा, काटा मधोमध येतो, गिऱ्हाईक खूश. मीटर आणि सेन्सरची जोडी मोजून, तीन-चार टेंपरेचरला तपासून असा रेझिस्टन्स टाकणं चालतं, आणि ते बिलावर लिहायचं. नुसता काटा खाली आणण्यासाठी टाकला तर पुढच्या उन्हाळ्यात घाटात त्या माणसाचं हेड वाकेल आणि काटा तेव्हाही मधोमधच असेल. ते काम माझ्या दुकानात होत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पैशांचं बोलू. तपासणीची फी वेगळी ठेवा आणि गाडी आत घेतानाच सांगा: "साहेब, तपासणीचे इतके, दोष सापडल्यावर कामाचा खर्च वेगळा सांगतो." सुरुवातीला लाज वाटते. पण वर सांगितलेलं सगळं केलं तर तास-दीड तास जातो, आणि शेवटी निघतो एक गंजलेला स्क्रू. फक्त सामानावर कमावायची सवय लागली, तर त्या स्क्रूचं बिल तुम्ही करूच शकणार नाही. मग नकळत हात नवीन मीटरकडे जातो.

जॉब कार्डवर चार आकडे लिहा: गाडी आली तेव्हाचं थर्मामीटरचं रीडिंग, तेव्हा काटा कुठे होता, काम झाल्यावरचं रीडिंग आणि काटा. मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवा. गाडी देण्याआधी वीस मिनिटं ट्रॅफिकमधून फिरवून आणा, दुकानात उभी ठेवून चालू केलेल्या इंजिनचं रीडिंग पुरेसं नाही. आणि मालकाला काचेवर बोट ठेवून दाखवा: "नॉर्मलला काटा इथे राहील, इथून पुढे गेला की गाडी बाजूला घ्या."