पान आता आपल्या एकट्याचं नाही

डोंबिवली (पूर्व)

चि. सोनूस,


मालमत्ता कराचं जुनं जावा ॲप्लिकेशन पोर्टलवर न्यायचं काम तुझ्याकडे आल्याचं ताईनं सांगितलं. फार आनंद झाला. आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेनं नागरी सुविधा केंद्रात कर, पाणी, दाखले एका ठिकाणी आणले आणि ती व्यवस्था पुढे राज्यातल्या इतर पालिकांसाठी नमुना ठरली. माणसाचे खात्याखात्यांतले हेलपाटे वाचावेत, हाच पोर्टलचाही हेतू. तो कायम डोळ्यांसमोर ठेव.

कोड उघडण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. स्वतंत्र घरातून सोसायटीत राहायला गेलं की फाटक आणि जिना सामाईक होतो, तसं पोर्टलवर पान सगळ्यांचं असतं. लॉगिन, मेनू, मांडणी पोर्टल सांभाळतं. म्हणून जेएसपीमधले एचटीएमएल, हेड, बॉडी हे टॅग काढून टाक, ॲप्लिकेशनचं स्वतःचं लॉगिनही काढ, आणि आयडी व जावास्क्रिप्टमधल्या नावांना नेमस्पेस लाव. नाहीतर पानावरच्या दोन पोर्टलेटची, म्हणजे चौकटींची, नावं एकमेकांत अडकतील.

सगळ्यात जपायचं ते पुढेच आहे. तुमच्या सर्व्हलेटमध्ये एकाच रिक्वेस्टमध्ये नोंदही होते आणि जेएसपीही दिसते. पोर्टलेटमध्ये २००३ च्या जेएसआर १६८ या मानकापासून ॲक्शन आणि रेंडर हे टप्पे वेगळे आहेत. नागरिकानं त्याच पानावर पाणीपट्टीच्या चौकटीत क्लिक केलं, तरी तुझं रेंडर पुन्हा चालू शकतं. पावती क्रमांक तिथे तयार होत असेल, तर एकाच भरण्याच्या दोन पावत्या निघतील. तेव्हा डेटाबेसमध्ये लिहायचं ते ॲक्शनमध्येच. रेंडरनं फक्त दाखवावं. पावतीची पीडीएफ द्यायला २००८ च्या जेएसआर २८६ मधली रिसोर्सची सोय वापर. सेशनमध्ये ठेवलेली गोष्टही आपोआप सगळ्या पोर्टलेटना दिसत नाही. पोर्टलेटपुरती कोणती आणि ॲप्लिकेशनभर कोणती, याची यादी आधीच कर.

वेळ कमी आहे म्हणून जुनं ॲप्लिकेशन तसंच आयफ्रेममध्ये बसवा, असं कोणी सुचवेल. तात्पुरतं चालेल, पण त्यावर थांबू नकोस. करआकारणीचे नियम सर्व्हलेटमधून काढून साध्या जावा क्लासमध्ये ने आणि त्यांच्या चाचण्या लिही. उद्या हेही पोर्टल बदलेल, तेव्हा नियम मात्र जसेच्या तसे उचलता येतील. जुन्या मराठी फॉन्टमध्ये साठवलेली नावं असतील, तर ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं एकेक तपासून घे. करदात्याचं नाव चुकलं की त्याचा भरवसा जातो.

आधी नुसतं थकबाकी पाहण्याचं पान हलव, भरणा सगळ्यात शेवटी. आणि मार्चअखेरीच्या गर्दीत कशालाही हात लावू नकोस. वरिष्ठांनी तारीख रेटली, तरी हे कारण स्पष्ट सांग. रांगेतल्या माणसाची बाजू घेणं हाही तुझ्या कामाचाच भाग आहे.

तुझा,
मामा