नवी लस आणि पशुवैद्यकाची जबाबदारी
ऑस्ट्रेलियातील हेंड्रा रोगाचा बोध

एखाद्या लसीला शासनमान्यता मिळाली की, पुढील काम केवळ सुई टोचण्याचे उरले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. लस प्रयोगशाळेतून तबेल्यात येते तेव्हाच पशुवैद्यकाच्या खऱ्या जबाबदारीस आरंभ होतो. ऑस्ट्रेलियात घोड्यांना देण्यात आलेल्या हेंड्रा प्रतिबंधक लसीचा अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

रोगाचे स्वरूप

हेंड्रा हे ब्रिस्बेन शहराचे एक उपनगर. १९९४ साली तेथील शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात एका अज्ञात रोगाने घोडी दगावली आणि त्यांचा प्रशिक्षकही मृत्युमुखी पडला. या रोगाचा विषाणू फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत वास करतो. त्यांच्यापासून तो घोड्यांना व आजारी घोड्यांच्या निकट सहवासातून माणसांना होतो. लागण झालेल्या दर चार घोड्यांपैकी सुमारे तीन दगावतात. आजवर सात माणसांना लागण झाली. त्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. मृतांपैकी दोघे पशुवैद्यक होते.

मान्यतेचे दोन टप्पे

जिलाँग येथील राष्ट्रीय पशुरोग प्रयोगशाळेच्या संशोधनाचा आधार असलेली ही लस नोव्हेंबर २०१२ मध्ये मर्यादित परवान्यावर उपलब्ध झाली. संपूर्ण नोंदणी मात्र २०१५ मध्ये झाली. मधल्या काळात ती खुल्या बाजारात विकली जात नव्हती. विशेष प्रशिक्षण घेतलेल्या पशुवैद्यकांनाच ती टोचण्याची मुभा होती. विषाणूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनापासून ती तयार केलेली आहे. तिच्यात जिवंत विषाणू नसल्याने लसीमुळे रोग जडण्याचा संभव नाही.

पशुवैद्यकाची कर्तव्ये

पहिले कर्तव्य ओळख पटविण्याचे. लस घेणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या मानेत ओळखक्रमांकाची सूक्ष्म चिप बसविणे आणि लसीकरणाची नोंद मध्यवर्ती नोंदवहीत करणे परवान्याच्या अटींनुसार बंधनकारक होते. यास सबळ कारण आहे. लस टोचल्यावर घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण होतात. पुढे रक्ततपासणी झाल्यास ती लसीमुळे आली की रोगामुळे, हा प्रश्न उपस्थित होतो. नोंद नसल्यास निरोगी जनावरावरही संशय येतो.

दुसरे कर्तव्य मालकास पूर्ण माहिती देण्याचे. प्रतिपिंडे असलेल्या घोड्यांच्या आयातीवर काही देशांचे निर्बंध असू शकतात. तेव्हा घोडा परदेशी पाठवावयाचा असल्यास ही बाब सुई टोचण्यापूर्वीच सांगितली पाहिजे.

तिसरे कर्तव्य लसीचा कस राखण्याचे. ती दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि निरोगी घोड्यासच द्यावी लागते. पहिल्या दोन मात्रांत तीन ते सहा आठवड्यांचे अंतर असते. त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरी मात्रा व पुढे ठरावीक मुदतीने वर्धक मात्रा द्यावी लागते. एक मात्रा देऊन स्वस्थ बसणे म्हणजे खोटी सुरक्षितता होय.

चौथे कर्तव्य परिणामांवर लक्ष ठेवण्याचे. टोचलेल्या जागी सूज, ताप किंवा अन्य त्रास झाल्यास त्याचे वृत्त संबंधित यंत्रणेस कळविणे आवश्यक असते. मोजक्या जनावरांवरील चाचणीत न दिसलेला दुर्मिळ परिणाम हजारो जनावरांच्या लसीकरणानंतरच दिसू शकतो. म्हणूनच तक्रार दडपणे हा लसीवरील विश्वासाचाच घात ठरतो.

पाचवे कर्तव्य सावधगिरी न सोडण्याचे. कोणतीही लस शंभर टक्के संरक्षणाची हमी देत नाही. म्हणून लस दिलेला घोडाही आजारी पडल्यास हातमोजे, मुखपट्टी व संरक्षक पोशाखाशिवाय त्याची तपासणी करू नये.

आपल्याकडील संबंध

महाराष्ट्रात हेंड्रा रोग नाही. परंतु ही कर्तव्ये कोणत्याही लसीस लागू पडतात. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या साथीत राज्यातील गायीबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली, तेव्हा गावोगावी पशुपालकांच्या शंकांना उत्तरे द्यावी लागली. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात लसीकरण, जनावरांवर खूण व प्रमाणपत्र यांची तरतूद आहे. लसीकरणाच्या दिवशी जनावरे एकत्र आणणे, कानातील बिल्ल्यांचे क्रमांक तपासून घेणे, प्रमाणपत्र जपून ठेवण्यास सांगणे आणि नंतर उद्भवलेला त्रास दवाखान्यास तत्परतेने कळविणे, एवढे साहाय्य पंचायत सदस्य व शिक्षक निश्चितच करू शकतात. त्यांची अशी साथ लाभल्यास पशुवैद्यकाचे काम सुकर होईल आणि नव्या लसीचा लाभ पशुपालकाच्या गोठ्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचेल.