सवाईला मुलांना आणतेस ना?

अगं, परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस. डिसेंबरात मुलांना पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला आणू का, आणि आणलं तर त्यातून त्यांचा अभ्यास कसा करून घेऊ. पहिल्याचं उत्तर सोपं आहे : बिनदिक्कत आण. दुसऱ्याला फोन पुरणार नाही, म्हणून निवांत बसून लिहितेय.

आधी एक पक्कं ठरव. मांडवात वही-पेन्सिल न्यायची नाही. मुलं घरी शिकतात म्हटल्यावर आपल्यावर एक दडपण असतं, ते मला कळतं. सासरच्या लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतंच, ‘मग दिवसभर करतात काय मुलं?’ त्या काकूंना दाखवायला म्हणून गाण्याच्या कार्यक्रमाची प्रश्नपत्रिका करू नकोस. अभ्यास जाण्याआधी आणि आल्यानंतर करायचा. मांडवात फक्त ऐकायचं.

जाण्याआधीचं म्हणशील तर तुम्ही सांगलीकर नशीबवान आहात, मिरज तुमच्या दाराशी आहे. एखाद्या सकाळी सतारमेकर गल्लीत जा. आधी कारागिराला विचार, मगच मुलांना बसव. तिथला भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो, खायच्या भोपळ्याहून तो कितीतरी जाड सालीचा असतो. तो वाळवतात, कापतात, त्यावर लाकडी तबली बसते. हा धंदा मिरजेत रुजवला तो फरीदसाहेब सतारमेकरांनी, एकोणिसाव्या शतकात. मूळचे ते शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांतले. तलवारींचे दिवस संपले तेव्हा त्या हातांनी काय केलं असेल, असा नुसता प्रश्न थोरलीपुढे टाक आणि गप्प बस. इतिहासाचं एक अख्खं प्रकरण ती स्वतःच उलगडेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते का लागतं, हेही त्यांना कारागिरालाच विचारू दे.

तिथेच तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला बारीक दोरा दाखव. तो केसभर पुढे-मागे केला की आवाज एकदम खुलतो किंवा मिटतो. या वळणदार घोडीचं आणि तबल्याच्या शाईचं कोडं चंद्रशेखर वेंकट रमण यांना पडलं होतं. नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी, 1920 च्या सुमारास, त्यांनी त्यावर निबंध लिहिले. घरी आल्यावर एका फळीवर 60 सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोकून बारीक तार ताणून बांधा. खाली पेन्सिल सरकवत न्यायची आणि एका टोकापासून मोजलेला तेवढाच भाग छेडायचा. 30 वर वरचा सा, 40 वर प, 45 वर म, 48 वर ग. अपूर्णांक पुस्तकात रडवतात, इथे ते कानाला ऐकू येतात. (रबरबँडवर करायला जाऊ नकोस, पेन्सिल सरकवली की त्याचा ताण बदलतो आणि सगळं गणित बिघडतं.)

पण मला विचारशील तर खरी मजा तालात आहे, आणि महिनाभर दुसरं काही केलं नाहीस तरी चालेल. रोज जेवणाआधी तीनतालाचा ठेका हातावर धरायला शिकव. सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे हात उघडा. आठवड्याभरात धाकट्याचा हात आपोआप चालेल. मग तिहाई काढ. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा ठोका बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणायचा, एवढीच तिची अट. समेपासून निघून पुढच्या समेवर पोचायचं तर दोन्ही समा धरून मोजून 17 जागा भरायच्या. तुकडा तीनदा आणि मधली विश्रांती दोनदा, मिळून 17. तुकडा पाच मात्रांचा घेतला तर विश्रांती एका मात्रेची बसते. तीनचा घेतला तर चारची. चारचा का बसत नाही? इथे थोरलीला अडकू दे, सांगू नकोस. सम-विषमाचं कारण तिला सापडलं की बीजगणिताची तोंडओळख झालीच म्हणायची. मग तिला दहा मात्रांच्या झपतालासाठी तिहाई करायला सांग.

हे झालेलं असलं की मांडवात मुलं कंटाळत नाहीत. तबलजी तिहाईवर निघाला की त्यांची बोटं चालायला लागतात, आणि सम आली की शेजारच्या अनोळखी आजोबांबरोबर त्यांचीही मान हलते. विलंबित ख्यालात मात्र एका आवर्तनाला पाऊण-एक मिनिट लागतं, तिथे धाकट्याने हार मानली तर मानू दे. झोपला तर शाल घाल.

आल्यानंतरचं थोडक्यात सांगते. भीमसेन जोशींचा प्रवास नकाशावर काढायला लाव. गदगकडचा मुलगा, अकरा-बारा वर्षांचा, गुरूच्या शोधात घरातून पळाला आणि रेल्वेने ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली करत जालंधरपर्यंत पोचला. शेवटी गुरू मिळाला तो घराजवळच, कुंदगोळला : रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व. त्यांच्याच स्मृतीसाठी 1953 पासून हा महोत्सव. कानडी घर, व्रजभाषेतल्या बंदिशी आणि मराठी अभंग हे सगळं एकाच गळ्यात होतं. भाषेचा तास यातून आपोआप निघतो. मुलगी घरातून पळून जायचे बेत करू लागली तर मात्र मला फोन करू नकोस!

अजून एक विषय आहे, तो नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडायचा नाही. हा महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातून मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तेही 15 पेक्षा जास्त नाहीत. म्हणून आता कार्यक्रम दुपारपासूनच सुरू होतो आणि मध्यरात्रीनंतरचे राग मांडवातून गेले. मला त्याची हळहळ वाटते. पण मांडवाशेजारी राहणाऱ्या आजारी माणसाचं काय? थोरलीला एक बाजू दे, दाजींना दुसरी, आणि रात्रीच्या जेवणाला वाद घालू दे. तू कोणाच्या बाजूने आहेस ते शेवटपर्यंत सांगू नकोस.

आता व्यवहाराचं. सगळे दिवस आणू नकोस, एक संध्याकाळ पुरे, त्यातही एक गायन आणि एक वादन ऐकून उठा. खुर्चीपेक्षा भारतीय बैठक घे, स्वस्तही पडते आणि मुलांना पाय पसरता येतात. कडेला बसा, म्हणजे दोन कलाकारांच्या मधल्या वेळात पटकन बाहेर पडता येतं. गाणं रंगात असताना मुलाला घेऊन उठणाऱ्या आईकडे पुणेकर कसे बघतात ते तुला माहीत आहे. ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर बसू नका. स्टॉलवर खायला भरपूर मिळतं, तरी धाकट्यासाठी दशम्या करून आण. परतताना ‘काय शिकलास?’ असं गाडीत विचारू नकोस. तो आपणहून काही गुणगुणला तर ऐक.

राहायला माझ्याकडेच या. तिकीटविक्री सुरू झाली की कळवते, पण किती जण येताय ते या रविवारपर्यंत सांग. दाजी येणार म्हणून दरवर्षी एक तिकीट जास्तीचं काढायचं आणि ऐनवेळी त्यांचं ऑफिस निघायचं, हे यंदा नको.