टॅग शिकताना एवढं सांभाळ

बाळा, एचटीएमएल शिकायला घेतलंस ना, मग पहिली गोष्ट मनात पक्की कर: मजकूर कसा दिसावा हे टॅगचं काम नव्हे, तो काय आहे हे टॅगने सांगायचं. शीर्षकाला एच-वन, पोटशीर्षकाला एच-टू, परिच्छेदाला पी. साध्या परिच्छेदालाच मोठं नि ठळक करून शीर्षक म्हणून खपवू नकोस. दिसण्याचं सीएसएस बघून घेईल. ज्यांना दिसत नाही ते पान स्क्रीन रीडरवर ऐकतात, एका शीर्षकावरून पुढच्यावर जात हवा तो भाग गाठतात. तू शीर्षकं नुसती रंगवलीस, तर त्यांना अख्खं पान सलग ऐकत बसावं लागतं. चित्राला आल्ट, म्हणजे त्याचं शब्दांतलं वर्णन, लिहायचं तेही त्यांच्यासाठीच. नुसतं ‘फोटो’ नको, ‘पावसात भिजलेला रायगडाचा महादरवाजा’ असं लिही. चित्र निव्वळ शोभेचं असेल तर आल्ट रिकामं ठेव, पण गाळू नकोस.

टॅगची भलीमोठी यादी बघून घाबरायचं कारण नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये पहिली यादी दिली, तेव्हा टॅग होते अवघे १८. आज शंभरावर आहेत, रोज लागतात ते थोडेच.

उघडलेला टॅग बंद करायचा, आणि जो शेवटी उघडला तो आधी. बीआर नि आयएमजी यांना बंद करावं लागत नाही. यात चूक झाली तरी ब्राउझर तक्रार करत नाही. आपल्या परीने सावरून घेतो, म्हणून चूक तशीच दडून राहते. ती पकडायला डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटर या तपासणीच्या साधनातून पान काढत जा.

आता मराठीचं, हे नीट ऐक. हेडमध्ये सगळ्यात वर कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ लिही, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटू शकतात. आणि अगदी पहिल्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग म्हणून एमआर घाल. पुष्कळ जण हे सोडून देतात, मला ते फार खटकतं. मराठी आवाज निवडायला स्क्रीन रीडरला हीच खूण लागते. शिवाय ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे ठेवलेले असतात, तिथे ब्राउझर ही खूण बघूनच ते वापरतो. दुसऱ्या कुणाच्या पानात हे आहे का बघायचं असेल, तर कंप्युटरवर कंट्रोल आणि यू दाब. पानाचा सगळा कोड समोर येतो.