‘निर्मम’ होऊन वस्तू कशी द्यावी?

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत ‘निर्मम’ हे एक आहे. या शब्दापाशी मराठी भाषांतरकाराची लेखणी नेहमी अडखळते. आपल्या नित्याच्या मराठीत निर्मम म्हणजे निष्ठुर, दयामाया नसलेला. आणि ममता हा तर आईच्या हृदयाचा गुण. संस्कृतात मात्र हा शब्द ‘मम’ म्हणजे ‘माझे’ या पदापासून निघाला आहे. ज्याच्या चित्तातून ‘हे माझे’ असा अभिमान गेला, तो निर्मम. विशेष हे की, त्याच श्लोकात निर्ममतेच्या आधी मैत्री व करुणा यांचा निर्देश आहे. म्हणजे प्रेम राहावे आणि माझेपण जावे, असा गीतेचा आशय दिसतो.

हे साधते कसे? सर्वस्वत्यागाचे प्रसंग थोड्यांच्याच वाट्यास येतात. परंतु अनेक वर्षे वापरलेली, जीव लावलेली एखादी वस्तू दुसऱ्यास विकण्याचा प्रसंग बहुतेक प्रत्येक गृहस्थावर केव्हा ना केव्हा येतो. म्हणून आपण एका जुन्या मोटारसायकलीचे उदाहरण घेऊन या लक्षणाचा विचार करू.

म्हैसूर येथील कारखान्यात १९६१ पासून ‘जावा’ आणि पुढे ‘येझदी’ या नावाच्या मोटारसायकली तयार होत असत. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. तेथील गाडी आज ज्याच्या अंगणात उभी आहे, त्याच्या कुटुंबाच्या कितीतरी आठवणी तिला चिकटलेल्या असणार. समजा, अशी एक येझदी एका निवृत्त शिक्षकांकडे आहे. याच गाडीवर ते शाळेत गेले, याच गाडीवरून मुलांना परीक्षेस पोहोचविले. आता गुडघा किक मारू देत नाही, मुले परगावी आहेत, गाडी आच्छादनाखाली गंजत आहे. एक तरुण येऊन म्हणतो, “काका, मला द्या. मी सांभाळीन.” किंमत ठरते. आता काकांचे कर्तव्य काय?

येथे व्याकरणातील एक विचार उपयोगी पडेल. ज्याला द्यावयाचे त्यास संस्कृतात ‘संप्रदान’ म्हणतात व त्या शब्दाची चतुर्थी विभक्ती होते. काही व्याख्याकारांनी या संज्ञेची फोड ‘सम्यक् प्रदान’, म्हणजे पुरतेपणी देणे, अशी केली आहे. आपण धोब्याकडे कपडे देतो, तेथे त्यांच्या मते चतुर्थी न येता षष्ठी येते. कारण कपडे हातातून गेले तरी आपले स्वामित्व गेलेले नसते, ते परत यावयाचे असतात. सर्व वैयाकरणांना हे मत मान्य नाही; तथापि व्यवहाराला ते फार बोधप्रद आहे. पुष्कळ माणसे पैसे घेऊन वस्तू देतात खरी, परंतु धोब्याकडे कपडे द्यावेत तशी देतात. हातातून सोडतात, नावातून सोडीत नाहीत, किंवा मनातून सोडीत नाहीत.

प्रथम नावाचा विचार करू. ओळखीचा मुलगा आहे, कागदपत्रे सावकाश होतील, असे म्हणून किल्ली देणारे आपल्याकडे अनेक आहेत. हा भोळेपणा उदारपणासारखा दिसतो, पण तो दोघांनाही घातक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५० व्या कलमानुसार, विक्री एकाच राज्यातील असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाराने ३० दिवसांत हस्तांतराची खबर नोंदणी अधिकाऱ्यास द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र लागते. विम्यावरील नावही घेणाराने बदलून घ्यावे लागते. ज्याच्या नावे नोंद तो मालक, अशी कायद्याची दृष्टी आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या प्रकरणात, वाहन विकले जाऊन अनेकांच्या हाती फिरलेले असतानाही, ज्याच्या नावे नोंद राहिली होती त्याच्यावरच नुकसानभरपाईचे दायित्व ठेवले. तेव्हा आर. टी. ओ. कचेरीत दोन खेपा घालण्याचा कंटाळा हा क्षुल्लक दोष समजू नये. ज्या गाडीवर आपली सत्ता उरली नाही, तिच्या खाली सापडलेल्या एखाद्या अनोळखी माणसाचा भार आपल्या म्हातारपणावर येऊ शकतो.

दुसरा विचार सत्याचा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, सदोष, उणा, भेसळ केलेला किंवा झाकून ठेवलेला माल विकू नये, असा दंडक आहे. आवडत्या वस्तूच्या बाबतीत तो पाळणे अधिक कठीण असते. कारण प्रेमामुळे आपल्यालाच तिचे दोष दिसेनासे होतात. पेट्रोलच्या टाकीत आतून गंज आहे काय? कधी पडल्यावर सांगाडा जोडून घेतला आहे काय? इंजिनावरील व सांगाड्यावरील आकडे नोंदणीपुस्तकाशी जुळतात काय? हे सर्व, विचारण्याची वाट न पाहता, आधी सांगावे. किंमत थोडी उतरेल, उतरू द्यावी.

परंतु दोष सांगून सत्याचे काम संपत नाही. जुन्या यंत्राचे ज्ञान हाही त्या यंत्राचाच एक भाग असतो, आणि तो कागदावर लिहिलेला नसतो. येझदीची किक व गिअर यांची दांडी एकच, आणि तीही डाव्या बाजूस. नव्या गाड्यांवर शिकलेल्या मुलास हे ठाऊक असेलच असे नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट तेलाची. हे दोन-स्ट्रोकचे इंजिन आहे; त्याला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. ठरलेल्या प्रमाणात तेल न घालता नुसते पेट्रोल भरले, तर दट्ट्या तापून सिलिंडरात जाम होतो. गाडी वेगात असताना असे झाले आणि क्लच दाबण्याचे सुचले नाही, तर मागचे चाक एकाएकी अडते आणि स्वार फेकला जातो. लांबचा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून मूठ पूर्ण बंद ठेवली, तरी पेट्रोलबरोबर जाणारे तेल कमी पडते, हेही सांगावयास हवे. जुने ड्रम ब्रेक आजच्या ब्रेकांसारखे चटकन धरीत नाहीत, तेव्हा पुढच्या वाहनापासून अंतर अधिक ठेवावे लागते. ज्याने ही गाडी पंचवीस वर्षे चालविली त्याला हे सारे अंगवळणी पडलेले असते, आणि म्हणूनच ते सांगण्याचे त्याला सुचत नाही. एक सकाळ मोडून त्या तरुणास शेजारी बसवून शिकवावे. श्लोकात निर्ममतेपूर्वी आलेली मैत्री व करुणा या प्रसंगी हेच रूप घेतात.

तिसरा विचार मनाचा. तो सर्वांत सूक्ष्म आहे. आपल्या धर्मशास्त्राने विक्रेत्याचे मन चांगले ओळखले होते. व्यवहाराच्या अठरा पदांत ‘क्रयविक्रयानुशय’ नावाचे एक पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. विकून किंवा विकत घेऊन ज्याला मागाहून हळहळ वाटेल, त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत करावी वा परत घ्यावी, अशी मुभा मनूने दिली आहे. त्यानंतर नाही. हा नियम आजचा कायदा नव्हे. तथापि त्यातील शहाणपण घेण्यासारखे आहे. हळहळ वाटणे स्वाभाविक मानले, आणि तिला मर्यादाही घातली.

ही मर्यादा पाळली नाही तर काय होते, ते गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रमाने दाखविले आहे: विषयाचे चिंतन, चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध. काका रोज संध्याकाळी कठड्याशी उभे राहून त्या गाडीचा आवाज ऐकू लागतात. एके दिवशी दिसते की, तरुणाने तिचा रंग बदलला आहे. “माझ्या गाडीचे याने काय करून ठेवले!” येथे ‘माझ्या’ हा शब्दच खोटा आहे. गाडी ज्याची आहे, त्याने तिला रंग दिला.

शंका: घेणारा वस्तूची नासाडी करील, तर देणाराने त्याची काहीच चिंता करू नये काय?

समाधान: चिंता अवश्य करावी, पण ती देण्यापूर्वी. कोणास द्यावे हे ठरविण्याचा अधिकार किल्ली हातात असेपर्यंत आपला असतो. अधिक पैसे देणारा बेफिकीर दिसला आणि थोडे कमी देणारा सांभाळणारा दिसला, तर दुसऱ्यास देण्यास कोणाची हरकत नाही. एकदा दिल्यावर मात्र विचारल्यासच सल्ला द्यावा.

शंका: मग दुःख वाटणे हाच दोष मानावा काय?

समाधान: नाही. सुखदुःखाचे स्पर्श येतात आणि जातात; ते सोसावेत, एवढेच दुसरा अध्याय सांगतो. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर डोळे भरून आले, तर त्यात अधर्म नाही.

शंका: अशी विक्री करणारास त्यागाचे पुण्य लाभते काय?

समाधान: येथे स्वतःस फसवू नये. अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ते कर्माविषयी आहेत, वस्तूविषयी नव्हेत. तरीही त्यांतून एक खूण मिळते. शरीरास क्लेश होतात म्हणून जे सोडले, त्याला तेथे राजस म्हटले आहे. गुडघा दुखतो म्हणून गाडी विकली आणि तिचे मोलही घेतले. हा व्यवहार आहे, त्याला त्यागाचे नाव देऊ नये. परंतु तोच व्यवहार कर्तव्य समजून, आसक्ती व लाभाचा हव्यास सोडून, निर्मळपणे केला, तर त्या अध्यायात ज्याला सात्त्विक म्हटले आहे त्या वृत्तीचा तो चांगला अभ्यास होतो.

सारांश, अशी वस्तू देताना गृहस्थाने आपणास तीन प्रश्न विचारावेत. कागदावर माझे नाव उरले आहे काय? घेणाराच्या जिवाशी संबंध असलेली एखादी गोष्ट माझ्या पोटात राहिली आहे काय? आणि ती वस्तू पुन्हा दृष्टीस पडली, तर प्रथम वस्तूकडे पाहीन की ती चालविणाऱ्या मुलाकडे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एका आठवड्यात देता येतात. तिसऱ्याला वेळ लागेल. मुलगा चौकातून जाताना ओळखीचा हात वर करील, तेव्हा काकांनी त्याचे शिरस्त्राण नीट बांधलेले आहे ना, एवढे पाहावे आणि आपल्या वाटेने चालू लागावे.